कट म्हणायला उशीर

अमृत बोऱ्हाडेचे सिनेमे बघताना लोक पोट धरून हसायचे, आणि ते हसत असताना अमृत टॉकीजबाहेरच्या सायकल स्टँडवर घामाघूम होऊन उभा असायचा. आत बसायची त्याची छातीच व्हायची नाही. पडद्यावर विनोदाचं वाक्य येतं आणि मग हशा येतो, त्याच्या मधे श्वासाएवढी जागा असते. तेवढ्यापुरतं थेटर गप्प असतं. प्रेक्षकांना ते कळतसुद्धा नाही, पण अमृतला तिथं खोल विहिरीत डोकावल्यासारखं व्हायचं. आता हे हसलेच नाहीत तर? मग हशा यायचा, भिंतीपलीकडून ढग गडगडावा तसा ऐकू यायचा, आणि तो पुढच्या विनोदापर्यंत सुटायचा.

तो मूळचा शिनोलीचा. पोरवयात त्याला कशाची भीती वाटत नव्हती ते विचारावं. मारका बैल, शाळेचे मास्तर, विजा, चुलत्याचा आवाज. मास्तरांनी छडी उचलली की हा मास्तरांचीच नक्कल करायचा. वर्ग हसायचा, मास्तरही हसायचे आणि छडी खाली यायची. भीती वाटली की हसवायचं, ही खोड त्याला तिथं लागली आणि पुढं तिच्यावरच त्याचं पोट चाललं.

कॉलेजात असताना नारायणगावच्या एका तमाशाच्या फडात त्यानं सावळाराम सोंगाड्या पाहिला. भुताला घाबरणाऱ्या हवालदाराचं सोंग होतं. सावळारामचे गुडघे एकमेकांवर आपटायचे, टोपी आपोआप पुढे सरकायची, आवाज चढत चढत शिट्टीसारखा व्हायचा, आणि सगळा तंबू लोळायचा. अमृतच्या मनात तेव्हाच बसलं की हा माणूस सगळ्यांची भीती आपल्या अंगावर घेतो. पुढं मुंबईत पडेल ती कामं करत, दुसऱ्यांच्या हाताखाली राबत, त्र्याण्णव साली त्याला स्वतःचा पहिला सिनेमा मिळाला. त्यात घरगड्याच्या कामाला त्यानं सावळारामला नेलं. सिनेमा गावोगाव चालला. त्यानंतर अमृतच्या प्रत्येक सिनेमात सावळाराम असायचा, आणि प्रत्येक सिनेमात तो एकदा तरी घाबरायचा. टीव्हीवर मराठी वाहिन्या आल्या तेव्हा दोघांनी दर आठवड्याची मालिकाही केली. वयानं थोर म्हणून अमृत त्याला अण्णा म्हणायचा, आणि सावळाराम त्याला भाऊ.

दोन हजार साल उलटलं तसं हसणं आटायला लागलं. लागोपाठ दोन सिनेमे आपटले. वाहिनीवरची तरणी पोरं अमृतला "सर" म्हणायची आणि त्याच्या डोक्यावरून पलीकडं बघायची. आपण संपलो, ही भीती आता फक्त सायकल स्टँडवर नव्हती. सकाळी दात घासतानासुद्धा ती आरशात मागं उभी असायची.

त्याच सुमारास जुन्नर-आंबेगावात बिबट्यांनी हैदोस मांडला होता. धरणांचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि उसात बिबटे राहायला आले. आधी कुत्री, शेरडं गेली, मग माणसांवर हल्ले व्हायला लागले. सांज झाली की वस्त्यांवर कड्या लागायच्या. अमृत गावी आला की सगळीकडं एकच विषय असायचा. लोक बिबट्याला वाघच म्हणायचे. ऐकता ऐकता अमृत उठून दाराची कडी बघून यायचा, आणि परत बसला की त्याच्या डोक्यात नेहमीप्रमाणे विनोद सुरू व्हायचा.

'उसातला जावई' तसा सुचला. बायकोला नांदायला न पाठवणाऱ्या सासऱ्याला घाबरवायला जावई बिबट्याचं कातडं पांघरून उसात बसतो. सासरा अर्थातच सावळाराम. सिनेमा काढायला नारायणगावचे धरमचंदशेठ तयार झाले. त्यांच्या आजोबांनी राजस्थानातून येऊन इथं कापडाचं दुकान टाकलं होतं, शेठनी त्याला टॉकीजची जोड दिली होती, आणि अमृतचा पहिला सिनेमा त्यांच्याच टॉकीजला सर्वांत जास्त चालला होता. त्यांनी एकच शंका काढली. इथं लोकांचा जीव जातोय आणि आपण हसायचं, हे गावाला रुचेल का? अमृत म्हणाला की लोक हसले तर त्यांची भीती कमी होईल. हे बोलताना त्याला स्वतःचाच आवाज थोडा पोकळ लागला, पण शेठनी मान डोलावली.

खोडदच्या प्रयागबाईंनी आपला ऊस शूटिंगला दिला. नवरा वारल्यावर शेती त्या आणि त्यांचा दीर भागू बघायचे. मागच्या महिन्यात त्यांचं कुत्रं बिबट्यानं नेलं होतं, पण त्याला आता बरेच दिवस झाले, आणि एवढी माणसं, गाड्या, जनरेटरचा आवाज म्हटल्यावर जनावर कशाला थांबतंय, असंच सगळ्यांना वाटलं. अमृतला तसं वाटलं नाही. पण त्याला कशाचीच खात्री कधी वाटत नसे, म्हणून त्यानं स्वतःचं ऐकलं नाही.

शेतापलीकडं खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या होत्या. त्यांच्या कामात व्यत्यय नको म्हणून वॉकी-टॉकी वापरू नका, असं तिथल्या लोकांनी येऊन सांगितलं होतं. मग शिट्टीवर काम करायचं ठरलं. एक शिट्टी वाजली की सावळाराम उसाच्या दोन ओळींमधल्या सरीतून पळत कॅमेऱ्याकडं येणार. दोन वाजल्या की त्याच्यामागून बिबट्या झालेला सयाजी हातापायांवर धावत येणार. सयाजी हा खेडचा गडी, सिनेमात मारामाऱ्या करायचा, अंगानं लवचिक. त्याचा वेष फोमचा आणि रेक्झिनचा होता, आणि मुंडकं मागून चेन लावून बंद व्हायचं. ते घातलं की समोरचं जेमतेम दिसायचं आणि शिट्टी सोडली तर ऐकू फार कमी यायचं. अमृतनं स्वतः आत जाऊन त्याला खोल सरीत बसवलं, सावळारामला त्याच्या बराच अलीकडं उभं केलं, आणि बाहेर येऊन कॅमेऱ्याजवळच्या छोट्या टीव्हीसमोर बसला. उन्हं कलली होती. प्रकाश छान होता.

त्यानं एक शिट्टी मारली.

ऊस हलला नाही. अमृतला वाटलं, अण्णा टायमिंग घेतायत. मग पाचोळा वाजला आणि सावळाराम बाहेर पडला.

तो पळत नव्हता. पाठ फिरवून पळायचं सोडून तो उलटा, मागं मागं येत होता, आणि सरीच्या तोंडाशी आल्यावर वळला. तोंड उघडं होतं पण त्यातून आवाज येत नव्हता. दोन पावलं टाकली आणि धोतरात पाय अडकून तो पडला. उठला नाही. रांगत, ढेकळांत हात रोवत, लाळ गाळत तो कॅमेऱ्याकडं यायला लागला. टोपी मागं पडली होती. मागं उभ्या असलेल्या युनिटमधून हशा फुटला. लाइटवाले हसत होते, मेकअपवाला डोळे पुसत होता, कॅमेरामनचे खांदे हलत होते पण त्यानं कॅमेरा हलू दिला नाही. इतक्या वर्षांत सावळारामनं असं काम केलं नव्हतं.

अमृत हसला नाही. अण्णांची भीती त्याला पाठ होती. ती नेहमी वर चढायची, गुडघ्यांतून आवाजात आणि आवाजातून टोपीत जायची. ही भीती कुठंच चढत नव्हती. ती पोटाशी गोळा होऊन जमिनीवरून सरपटत येत होती. हे सोंग नाही, हे अमृतला कळलं.

तरी त्यानं कट म्हटलं नाही.

कळलं त्या क्षणी म्हणायला हवं होतं. शब्द जिभेवर होता. पण समोरच्या छोट्या टीव्हीवर जे दिसत होतं त्याच्यावरून त्याची नजर निघेना. आपण आजवर घेतलेला सर्वांत चांगला शॉट हाच आहे, असं त्याच्या डोक्यात कुणीतरी थंडपणे बोललं. सावळारामनं येऊन कॅमेऱ्याच्या स्टँडचा पाय दोन्ही हातांनी धरला तेव्हा चित्र हललं, आणि मगच अमृतच्या तोंडून तो शब्द निघाला.

"अण्णा, काय झालं?" तो खाली बसला.

सावळारामचे दात वाजत होते. "सया आत हाय," तो म्हणाला. मग दम घेऊन उरलेलं बोलला. "मधी वाघ बसलाय. मी त्येला सया समजून बोललो, भाऊ. म्हनलं, मागं सर की, फ्रेममदी येशील. त्यानं शेपूट हलीवली. सयाची शेपूट तर तारेची हाय."

हसणं एकेकाच्या तोंडावरून उतरत गेलं. मेकअपवाल्याला शेवटपर्यंत कळलं नाही, तो हसतच राहिला आणि कुणीतरी त्याचा दंड दाबला.

अमृतच्या हातात शिट्टी होती. ती आता वाजवायची नव्हती, कारण दोन शिट्ट्या वाजल्या की सयाजी सरळ त्याच सरीतून गुरगुरत पुढं येणार आणि जनावराच्या अंगावर जाणार. हाका मारल्या तर त्याला मुंडक्यातून ऐकू येणार नाहीत. डबे बडवले तर जनावर पलीकडं पळणार, म्हणजे पुन्हा सयाजीच्याच अंगावर. आणि काहीच केलं नाही, तर कंटाळून सयाजी स्वतःच पुढं येणार. भागू शेजारी येऊन हलक्या आवाजात म्हणाला की माणूस उभा असला तर वाघ बिचकतो, पण बसलेल्या, वाकलेल्या माणसाला तो शेरडू समजतो. सयाजी तर हातापायांवर बसला होता, आणि तसं बसायला त्याला अमृतनंच सांगितलं होतं.

पलीकडच्या बांधावरून शिरायचं आणि त्याला मागून काढायचं, एवढा एकच मार्ग उरला. पण दाट उसात तो नेमका कुठल्या सरीत आहे, हे अमृतशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा त्यानं आजूबाजूला पाहिलं. सगळे त्याच्याकडंच बघत होते. प्रयागबाईंनी दिराच्या हातात कुऱ्हाड दिली आणि म्हणाल्या, "भागूभावजी, पावण्यांना पुढं चालू देऊ नका. तुमी पुढं व्हा, त्येंनी नुसतं दाखवावं."

बांधावरून चालताना अमृतला फक्त भागूच्या टाचा दिसत होत्या. आपण इथंच बसलो तर कुणी काय करणार आहे, असा विचार दर पावलाला येत होता, आणि दर पावलाला तो पुढचं पाऊल टाकत होता, ते धाडसामुळं नव्हे तर मागं वळलो तर त्या सगळ्यांच्या नजरा बघाव्या लागतील म्हणून. एरवी अशा वेळी डोक्यात विनोद सुरू व्हायचा. आज डोकं कोरडं होतं. पाण्याच्या पाटाजवळ त्यानं खूण केली आणि दोघं उसात शिरले.

आत उजेड हिरवा आणि कमी होता. पात्यांची धार गालाला, कानाला लागत होती. वारा पडला होता, तरी कुठं ना कुठं काहीतरी खसफसत होतं, आणि प्रत्येक वेळी अमृत जागच्या जागी थांबत होता. एक उग्र, ओल्या चामड्यासारखा वास मधेच आला आणि गेला. भागू थांबला, नाक वर केलं आणि पुन्हा चालायला लागला. त्याच्या पाठीवरचा सदरा घामानं चिकटलेला अमृतला दिसला. म्हणजे हाही घाबरलाय, हे कळून त्याला धीर येण्याऐवजी उरलासुरला धीरही सुटला.

मग पुढच्या सरीत ठिपक्यांची पाठ दिसली.

अमृतला ती ओळखता येईना. वेष त्यानं स्वतः पसंत केला होता, ठिपके कमी-जास्त करायला लावले होते, तरी त्या हिरव्या अंधारात ती पाठ कुणाची हे सांगणं त्याला जमेना. भागूनं प्रश्नार्थक पाहिलं. अमृत वाकला आणि शेपूट शोधली. ती तारेची होती, टोकाशी वाकडी झालेली. त्यानं हात पुढं करून खांद्याला स्पर्श केला.

पाठ वळली आणि बिबट्याचं तोंड त्याच्या तोंडाशी आलं. सगळं माहीत असूनही अमृतची विजार ओली झाली. मुंडक्याच्या आतून सयाजी खुदकन हसला. दिग्दर्शकाला घाबरवलं म्हणून त्याला आनंद झाला होता, आणि वर त्यानं एक गुरगुराटही काढला.

त्याला उत्तर आलं.

ते फार मोठं नव्हतं. करवत ओल्या लाकडातून एकदा ओढावी तसा आवाज, जवळच, पुढच्या बाजूनं. सयाजीनं ऐकलं की नाही कोण जाणे, पण अमृतच्या चेहऱ्याकडं बघून तो गप्प झाला. भागूनं दोघांच्या दंडाला धरून त्यांना उभं केलं आणि कानाशी बोलला, "पळायचं न्हाई. पाठ द्यायची न्हाई. उभ्यानं मागं सरा."

अमृतला सगळा बिबट्या दिसलाच नाही. उसाच्या धांड्यांच्या फटीतून एक कान दिसला, तो त्यांच्याकडं वळला. त्याच्या खाली पिवळट काहीतरी होतं, ते श्वासाबरोबर वर-खाली होत होतं. एवढंच. पुढं कित्येक वर्षं त्याला स्वप्नात पंजे, दात काही दिसायचं नाही, तो वळणारा कान दिसायचा. ते मागं सरत राहिले. सयाजीला मुंडक्यामुळं मागचं दिसत नव्हतं, तो ठेचकाळत होता, आणि प्रत्येक ठेचेला अमृत त्याला मिठी मारून उभा ठेवत होता. पाटाचं पाणी पायाला लागलं तेव्हा ते बाहेर आले होते. मग लोकांनी डबे बडवले. जनावर कुठल्या बाजूनं गेलं कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं आली तेव्हा त्या सऱ्यांमधे पाचोळ्यावर दोन पिल्लं सापडली. आईला पिल्लांना सोडून हलायचं नव्हतं, म्हणून तिनं अंगावर यायची घाई केली नव्हती.

मेलं कुणी नाही. त्या संध्याकाळी युनिटमधे जो तो मोठमोठ्यानं बोलत होता, सयाजीला पुन्हा पुन्हा तोच प्रसंग करून दाखवायला लावत होता. सावळाराम एका खुर्चीवर चहाचा कप धरून बसला होता. चहा गार झाला तरी त्यानं प्यायला नाही. अमृतनं त्याच्याजवळ जाऊन माफी मागायचं ठरवलं, पण काय म्हणून मागायची हे त्याला सांगता येईना. मला कळलं होतं तरी मी कॅमेरा चालू ठेवला, हे न सांगताच तो लाइटवाल्यांकडं निघून गेला.

सिनेमा पुरा झाला. मुंबईत एडिटिंगला तो शॉट लावला की एडिटर, त्याचे मदतनीस, चहा घेऊन आलेला माणूस, सगळे हसायचे. अमृत त्या वेळी बाहेर जाऊन उभा राहायचा. शॉट ठेवायचा की नाही, हे सावळारामनंच ठरवावं म्हणून तो नारायणगावला गेला. सावळारामनं पडवीत बसवलं, पाणी दिलं. तो बराच बारीक झाला होता.

"ठेवा," तो म्हणाला. "तसं आता माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

अमृतला वाटलं, तो शॉटचं कौतुक करतोय. पण सावळाराम पुढं बोलत राहिला. तो म्हणाला की परवा फडातल्या पोरांनी घरी येऊन आग्रह केला म्हणून हवालदाराचं सोंग करून दाखवायला उभा राहिलो, गुडघे हलवायला गेलो तर ते खरंच हलायला लागले आणि थांबेनात. घरच्यांनी धरून बसवलं. आता भ्यायचं सोंग काढायचं म्हटलं की खरी भीती येते. "ती कुठं बसलीय मला ठावं हाय, भाऊ. मी बोलावली की येती. म्हनून मी बोलवत न्हाई."

अमृतनं तेव्हा सांगितलं. आपल्याला लगेच कळलं होतं, कट म्हणायला उशीर केला, तो मुद्दाम केला. सावळारामनं सुपारी कातरत ऐकून घेतलं. नाराज झाल्यासारखा दिसला नाही, आणि माफ केल्यासारखाही नाही. अडकित्ता खाली ठेवून त्यानं विचारलं, कॅमेऱ्यात टोपी पडलेली दिसते का. दिसते, असं अमृत म्हणाला.

सिनेमा लागायच्या थोडंच आधी जुन्नरकडच्या एका वस्तीवर दारात खेळणारी लहान मुलगी बिबट्यानं नेली. अमृतनं ते पेपरात वाचलं. त्यानं धरमचंदशेठना फोन करून सिनेमा पुढं ढकलायला सांगितलं. शेठ म्हणाले की बाकी महाराष्ट्रात तारखा लागल्यात, त्या हलणार नाहीत; इथलं काय ते तू ठरव, टॉकीज माझी आहे, मी बंद ठेवीन. अमृतला ठरवता येईना. शेवटी लोकांनीच ठरवलं. पुण्यात, नाशकात, साताऱ्यात सिनेमा धो धो चालला, उसातून रांगत येणारा सावळाराम ज्याच्या त्याच्या तोंडी झाला, आणि आमच्याच माणसांचा सिनेमा आमच्याकडं का नाही, म्हणून नारायणगावातून विचारणा व्हायला लागली. मग शेठनी तो लावला.

पहिल्या खेळाला अमृत आत बसला. आयुष्यात पहिल्यांदाच. बाहेर उभं राहायची भीती आत बसायच्या भीतीपेक्षा मोठी झाली होती. पुढच्या रांगेत सावळाराम घरच्यांबरोबर होता, मधे खोडदची मंडळी, प्रयागबाई, भागू. सुरुवातीपासून लोक हसत होते, सासऱ्याच्या चिकटपणावर शिट्ट्या मारत होते. मग ऊस आला. शिट्टी वाजली. सावळाराम मागं मागं चालत सरीतून बाहेर पडला, वळला, पडला, आणि रांगायला लागला.

थेटर गप्प झालं.

ती श्वासाएवढी जागा आली आणि संपेचना. अमृत वाट बघत राहिला. पडद्यावर सावळाराम ढेकळांत हात रोवत होता आणि हजारभर माणसांत कुणी खोकलंसुद्धा नाही. पुण्यात जिथं लोक खुर्च्यांवरून पडले होते, तिथं या माणसांनी ती भीती खरी आहे हे पाहिल्याबरोबर ओळखलं. मागं कुठंतरी एका बाईनं लेकराला जवळ ओढल्याचा बांगड्यांचा आवाज आला. तो शॉट गेला, पुढचे विनोद आले, पण हसणं परत आलं नाही. ज्या माणसांच्या भीतीवर आपण हा सिनेमा काढला ती सगळी या अंधारात आपल्या भोवती बसली आहेत, आणि आता उजेड होईल, एवढंच अमृतला कळत होतं.

उजेड झाला. तो दारापाशी उभा राहिला. शिव्या बसल्या, हात उठला, तरी हलायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. लोक बाहेर येत होते आणि त्याच्यापाशी थांबत होते. पहिला थांबला त्यानं विचारलं, "कुठल्या रानात बसला व्हता?" दुसऱ्यानं विचारलं, कान दिसला की डोळं? एका म्हाताऱ्यानं आपल्या गोठ्यात तो कसा शिरला ते सांगितलं. एक जण म्हणाला की घरात कुणाला सांगितलं न्हाई, पण मी रोज मोटर चालू करायला जाताना रडतो. प्रयागबाई शेवटी आल्या. "तेवढी फिल्लम हितल्यापुरती काढून टाका," त्या म्हणाल्या. "पुन्यामुंबईत हसू द्या त्येंना. त्येंना म्हाईत न्हाई." त्यांचा आवाज कडक नव्हता. अमृतनं त्याच दुपारी मशीनवाल्याच्या खोलीत जाऊन नारायणगावच्या प्रिंटमधून तो तुकडा स्वतः कापला. तुकड्याशिवाय सिनेमा तिथं आठवडाभर चालला, बेताचाच.

पण बाहेर चालला होता, त्यामुळं अमृतला पुन्हा कामं मिळाली. वाहिनीनं बोलावून घरगुती विनोदी मालिका दिली आणि ती कित्येक वर्षं चालली. तिच्यात सावळारामला त्यानं आजोबांचं काम दिलं. आजोबा कशालाच घाबरत नाहीत, जास्त बोलत नाहीत, घरात गोंधळ माजला की पेपर वाचत बसतात आणि शेवटी एक वाक्य टाकतात. गावोगावच्या बायका त्याला त्या वाक्यासाठी ओळखायला लागल्या.

अमृतला मात्र सेटवर नवी खोड लागली. शॉट रंगात आला, नट खरंच ठेचकाळला, कुणाचा आवाज जरा वेगळा लागला, की तो कट म्हणायचा. लवकर, फार लवकर. नट वैतागायचे, सर, आता मजा येत होती. तो ऐकायचा नाही. खुर्चीतून उठून जवळ जायचा, लागलं का विचारायचा, हाताला धरून बघायचा. एडिटरला अर्धवट तुकडे जोडावे लागायचे, आणि त्यातून मालिकेला एक तुटक, चपळ लय आली. पेपरात तिचं कौतुक झालं, अमृत बोऱ्हाडेंची शैली म्हणून. ते वाचून सावळाराम त्याच्याकडं बघून नुसता हसला.

तरीही दर भागाच्या पहिल्या शॉटला अमृत खुर्चीत न बसता उभाच असायचा. तो सगळ्यांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवायचा, कोण सोंग करतंय आणि कोण नाही ते बघायचा, आणि खात्री झाली नाही तरी, दुसरा इलाज नसल्यासारखा, सुरू करा म्हणायचा.